पडली तरी चालेल अशी मोटारसायकल

नोकरीसाठी आखातात गेलेल्या मुलाचा घरी फोन आला की आईवडिलांचे प्रश्न ठरलेले असतात. जेवतोस का, आणि पैसे जपून वापरतोस ना? हल्ली आपल्या काही घरांत मुलाच्या बाजूनेही एक विषय निघू लागला आहे. मुलगा म्हणतो, "मला मोटारसायकल घ्यायची आहे. रस्त्यावर फिरायला नव्हे, ट्रॅकवर शिकायला." यातले दुसरे वाक्य आईला बहुधा ऐकूच येत नाही. मोटारसायकल म्हटली की तिच्या डोळ्यांपुढे इस्पितळ उभे राहते, आणि वडिलांच्या डोळ्यांपुढे बँक.

आम्ही या लेखात त्या मुलाची बाजू घेणार आहोत. मात्र त्याच्या मनात जी गाडी आहे तिची बाजू घेणार नाही.

ज्यांनी शारजाचे औद्योगिक क्षेत्र पाहिलेले नाही त्यांच्यासाठी आधी थोडे सांगितले पाहिजे. मैलभर पसरलेल्या पत्र्याच्या शेड, क्रमांकांनी ओळखले जाणारे विभाग, गॅरेजे, गोदामे, वेल्डिंगची दुकाने आणि जुन्या गाड्यांच्या सुट्या भागांचे ढीग असा हा मुलूख आहे. एका दुकानात नुसते दरवाजे, तर दुसऱ्यात नुसती इंजिने. केरळचा, पंजाबचा, पेशावरचा आणि चितगावचा कारागीर तेथे शेजारी शेजारी बसून काम करतो आणि सर्वांची बोली एकच, मोडकीतोडकी हिंदी. घरी क्रिओल व फ्रेंच बोलणारी आपली मुले तेथे सहा महिन्यांत हिंदी बोलू लागतात. आजीला जे जमले नाही ते शारजाच्या कारखान्याने केले, असे आम्ही थट्टेने म्हणतो. दुपारी कडक उन्हात कडक चहा प्यायचा, त्याला तेथे 'करक' म्हणतात, आणि सुटीच्या दिवशी दुकानांतून भटकायचे, हा मुलांचा विरंगुळा.

याच क्षेत्राच्या कडेने, नॅशनल पेंट्सच्या सर्वांना ठाऊक असलेल्या चौकाजवळून, शेख मोहम्मद बिन झायेद मार्ग जातो. त्याच मार्गाने दुबईच्या दिशेने गेले की मोटर सिटी लागते आणि तेथे दुबई ऑटोड्रोम हा शर्यतीचा मार्ग आहे. २००४ साली तो खुला झाला. त्याचा सर्वांत मोठा फेरा सुमारे ५.४ किलोमीटरचा आहे. म्हणजे ज्या पत्र्याच्या शेडमध्ये जुनी मोटारसायकल स्वस्तात दुरुस्त होते, तेथून जागतिक दर्जाचा ट्रॅक एकाच रस्त्यावर आहे. असा योग फार थोड्या ठिकाणी जुळतो. आपल्या बेटावर तर नाहीच.

ट्रॅकवर शिकणे म्हणजे शर्यत नव्हे, ही गोष्ट आईवडिलांनी प्रथम लक्षात घ्यावी. 'ट्रॅक डे' नावाचा जो दिवस असतो त्यात बक्षीस नसते, क्रमांक लावले जात नाहीत. चालवणाऱ्यांचे त्यांच्या तयारीप्रमाणे गट पाडतात. नवशिक्यांचा गट वेगळा. पंधरा-वीस मिनिटे चालवायचे, मग बाहेर येऊन बसायचे, पाणी प्यायचे, पुन्हा आपली पाळी आली की आत जायचे. कोणी कोणाला कोठे ओलांडावे याचे नियम असतात. पिवळे निशाण दिसले की सावध व्हायचे, लाल दिसले की वेग उतरवून सावकाश बाहेर यायचे. रुग्णवाहिका उभी असते. समोरून ट्रक येत नाही, मध्येच कुत्रा आडवा येत नाही, वळणावर वाळू असली तर ती झाडली जाते. वळणाच्या बाहेर मोकळी जागा सोडलेली असते, म्हणून पडलेला माणूस घसरत जाऊन थांबतो. खांबावर आदळत नाही. धोका नाही असे आम्ही मुळीच म्हणणार नाही. हाडे तेथेही मोडतात. पण वेगाची भूक ज्याला लागली आहे त्याने ती कोठे भागवावी, असा प्रश्न असेल तर आम्ही विचार न करता ट्रॅककडे बोट दाखवू.

आणि ही भूक आपल्याला अनोळखी नाही. मॉरिशसच्या मोटारमार्गावर रात्री उशिरा जमणारी मुले, ती 'रॅली' म्हणवणारी शर्यत, पोलिसांचे छापे आणि मग वर्तमानपत्रातला फोटो, हे आपण वर्षानुवर्षे वाचत आलो आहोत. रस्त्यावर मरण पावणाऱ्यांत दुचाकीवाल्यांचा वाटा आपल्याकडे फार मोठा आहे. त्या मुलांना आपण रागावतो, पण जायचे कोठे हे त्यांना कोणी सांगत नाही. मोठा डांबरी ट्रॅक आपल्याकडे नाही. त्यासाठी शेजारच्या रियुनियनला जावे लागते. मग शारजात नोकरी करणाऱ्या मुलाला तो अर्ध्या-पाऊण तासावर मिळत असेल, तर "जाऊ नकोस" म्हणण्यापूर्वी दोनदा विचार केलेला बरा. नकार दिल्याने गाडी घ्यायची राहते असे नाही. ती घरच्यांना न सांगता घेतली जाते, आणि मग ती ट्रॅकवर न जाता त्याच शेख मोहम्मद बिन झायेद मार्गावर मध्यरात्री धावते.

आता गाडीकडे वळू.

आखातात तरुणांच्या मनावर राज्य करते ती सुझुकी हायाबुसा किंवा तिच्या तोडीची हजार सीसीची एखादी गाडी. हायाबुसाचे इंजिन १३४० सीसीचे, शक्ती दोनशे अश्वशक्तीच्या आसपास आणि वजन पेट्रोलसह सुमारे २६६ किलो. नव्या मुलाला ती रोखीने परवडत नाही, म्हणून हप्ते येतात. येथे आमचे मत अगदी स्पष्ट आहे. हप्त्यावर घेतलेली गाडी ट्रॅकवर नेऊ नये. एकदाही नाही. कारण साध्या वाहनविम्यात शर्यतीचा मार्ग बहुधा वगळलेला असतो. करारपत्राच्या बारीक अक्षरात ते लिहिलेले असते आणि कोणी वाचत नाही. ट्रॅकवर गाडी पडली तर विमा कंपनी एक दिरहमही देणार नाही, पण बँकेचा हप्ता मात्र पुढच्या महिन्याच्या ठरल्या तारखेला कापला जाईल. पुढे कर्ज थकले आणि प्रकरण न्यायालयात गेले, तर देश सोडून जाण्यावर बंदी येऊ शकते. गणेशचतुर्थीला घरी यायचे तिकीट काढून ठेवलेल्या मुलाला विमानतळावर हे कळणे किती वाईट, ते सांगायला नको.

पैशाचे एवढे जड कारण पुरेसे आहे. पण समजा मुलगा पैसेवाला आहे आणि त्याने हजार सीसीची गाडी रोखीने घेतली, तरीही शिकण्यासाठी ती चुकीचीच. याला कारण साधे गणित आहे. वेग दीडपट झाला तर थांबण्यासाठी जिरवावी लागणारी शक्ती दीडपट नव्हे, सव्वादोनपट होते. मोठी गाडी लांब सरळ पट्ट्यावर ताशी अडीचशेच्या पुढे जाते. चारशे सीसीच्या आतली गाडी एकशेसाठ-सत्तरवर दमते. वळण तेच, पण एका स्वाराला ते येताना दिसते आणि दुसऱ्याला ते आल्यावर कळते. अमेरिकेतील शिक्षक कीथ कोड यांनी १९८० साली मोटारसायकल शिकवण्याची शाळा काढली. माणसाच्या लक्षाची तुलना ते खिशातल्या दहा डॉलरांशी करतात. नवीन गोष्ट करताना त्यातले बरेच डॉलर खर्च होतात, सवय झाली की तीच गोष्ट थोडक्यात भागते. आम्हाला ही उपमा फार पटते, कारण ती परवडण्याविषयी आहे. दोनशे अश्वशक्तीच्या गाडीवर बसलेला नवशिका आपले नऊ डॉलर नुसते घाबरण्यात घालवतो. उरलेल्या एकात त्याने ब्रेक कधी सोडावा, नजर कोठे टाकावी, गुडघा कसा ठेवावा, हे सर्व बसवायचे. ते बसत नाही. तो सरळ रस्त्यावर जोरात जातो, वळणात चाचरत फिरतो आणि घरी येऊन सांगतो की आपण शिकलो.

लहान गाडीवर असे फसवता येत नाही. सरळ पट्ट्यावर तिला कोणीही ओलांडते, त्यामुळे वेळ मिळवायची असेल तर ती वळणातच मिळवावी लागते. ब्रेक थोडा उशिरा, वळणात थोडा जास्त वेग, बाहेर पडताना रुंदीचा पुरा उपयोग. हेच तर शिकायचे असते.

लहान गाडी म्हणजे पोरखेळ, असे ज्यांना वाटते त्यांना आम्ही एक नाव सांगू. स्पेनची आना कारास्को हिने २०१८ साली तीनशे सीसी गटाची जागतिक सुपरस्पोर्ट स्पर्धा जिंकली. तिची गाडी होती कावासाकी निंजा ४००. डांबरी मार्गावरील एकट्या स्वाराच्या मोटारसायकल शर्यतीत जागतिक विजेतेपद मिळवणारी ती पहिली स्त्री. निंजा ४०० ही दुकानात मिळणारी गाडी आहे. तिच्यावर बसून लोक कामालाही जातात. (आपल्या घरातली एखादी मुलगी उद्या हाच हट्ट घेऊन आली तर तिलाही हाच लेख वाचायला द्यावा.) भारतातही तसेच. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टाईचा जो ट्रॅक आहे तेथील राष्ट्रीय स्पर्धांत १६५ सीसी आणि तीनशे ते चारशे सीसी असेच मुख्य वर्ग राहिले आहेत. तेथून तयार झालेल्या मुलांनी मोठ्या गाड्या नंतर चालवल्या, आधी नाही.

मग नेमकी कोणती घ्यावी? आमची पसंती सांगतो. ती शेवटी आमची पसंती आहे, वेद नव्हे.

पहिल्या नंबरावर आम्ही केटीएम आरसी ३९० ठेवतो. ३७३ सीसीचे एकच सिलिंडर, शक्ती चव्वेचाळीसच्या आसपास, वजन पेट्रोलसह सुमारे १६५ किलो. अमेरिकेत २०१५ ते २०१७ या काळात कोवळ्या मुलांची एक सबंध स्पर्धा याच गाडीवर चालत असे, एवढी ती ट्रॅकला मानवते. नाव ऑस्ट्रियाचे असले तरी ही गाडी तयार होते पुण्याजवळच्या चाकणला, बजाजच्या कारखान्यात. आपले पूर्वज ज्या मुलखातून जहाजात बसले त्याच महाराष्ट्रात तयार झालेली गाडी शारजाच्या पत्र्याच्या शेडमध्ये आपल्या पणतूला भेटते, याचे आम्हाला कौतुक वाटते. पण कौतुकापोटी दोष झाकू नये. एकाच सिलिंडरचे इंजिन जोरात थरथरते आणि पहिल्या वर्षांच्या गाड्यांत तापण्याची तक्रार ऐकू येते. शारजाच्या उन्हात घ्यायची तर रेडिएटर आणि त्याचा पंखा आधी पाहावा.

यामाहा आर३ आणि कावासाकीच्या निंजा ३०० किंवा ४०० या दोन सिलिंडरांच्या गाड्या जास्त शांत, जास्त टिकाऊ, आणि म्हणून जुन्या बाजारात थोड्या महागही. ज्याला गाडी दुरुस्त करत बसण्याची आवड नाही त्याने त्या घ्याव्यात. होंडा सीबीआर २५० आर जुनी झाली, पण तिच्यावर शिकलेल्याचे काही वाईट होत नाही. पैसे अगदीच कमी असतील तर यामाहा आर१५ मिळते का पाहावे. दीडशे सीसीची म्हणून तिला हसतात. हसणाऱ्यांनी तिच्यामागून एखादे अवघड वळण घेऊन दाखवावे.

सहाशे सीसीच्या चार सिलिंडरांच्या जुन्या जपानी गाड्या आखातात चांगल्या दिसतात आणि कधी कधी लहान गाडीच्याच किमतीत मिळतात. मोह होतो. पण त्या खऱ्या अर्थाने शंभर-सव्वाशे अश्वशक्तीची शर्यतीची यंत्रे आहेत आणि त्यांचे टायर, साखळी, ब्रेक सर्वच मोठ्या घरचे. दुसऱ्या वर्षासाठी त्या राखून ठेवाव्यात.

आमच्या मते ट्रॅकवर शिकायला स्वस्त गाडी कोणती, तर जी पडली तरी तुमची झोप उडत नाही ती. कारण ती पडणार आहे. शिकणाऱ्याची गाडी कधी ना कधी पडतेच. नवी, चकचकीत, हप्त्याची गाडी चालवणारा मनातून सारखा तिला सांभाळत असतो. आधीच एका बाजूने घासलेली, दिवे नसलेली, आरसे तुटलेली गाडी घेतलेला मुलगा वळणाकडे पाहतो. म्हणून आम्ही मुलांना सांगतो की दिसायला वाईट पण हाडाने सरळ अशी गाडी शोधा. ट्रॅकवरच वापरायची असेल तर ती पिकअपमध्ये टाकून नेता येते. पण तिची मुल्किया, म्हणजे नोंदणीचा कागद, विकणाऱ्याच्या नावावर आहे ना आणि त्यावर दंड किंवा कर्ज शिल्लक नाही ना, हे पाहिल्याशिवाय पैसे मोजू नयेत. चौकटीवर कोरलेला क्रमांक आणि कागदावरचा क्रमांक स्वतःच्या डोळ्यांनी जुळवून पाहावा. नाव आपल्यावर करून घेण्याचा किंवा नोंदणी रद्द करण्याचा रीतसर मार्ग आहे. तो सोडून "नंतर बघू" म्हणणाऱ्याकडून घेऊच नये.

हाडाने सरळ म्हणजे काय, हे औद्योगिक क्षेत्रातल्या एका वयस्क मिस्त्रीने आमच्यादेखत आपल्या दोन मुलांना दाखवले. ते दोघे मावसभाऊ. त्यांनी एका दुकानात लाल रंगाची एक सुंदर गाडी पसंत केली होती. मिस्त्री आधी बोललाच नाही. त्याने गाडी सरळ उभी करायला सांगितली, मागे दहा पावले जाऊन उकिडवा बसला आणि एक डोळा मिटून दोन्ही चाके एका रेषेत आहेत का ते पाहिले. मग पुढचे चाक उचलून धरायला लावले आणि हँडल अगदी हळू एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवले. मध्यावर ते किंचित अडकले. तेवढेच. "समोरून बसली आहे कुठे तरी," तो म्हणाला. हँडल ज्यावर फिरते ते बेअरिंग समोरच्या धक्क्याने खड्डे पडून असे मध्यावर अडकते. मग त्याने हँडल पूर्ण डावीकडे वळवून मानेजवळच्या चौकटीवरचा रंग दाखवला. तेथे केसासारखी एक रेघ होती. मुलांना ती रंगाचा ओरखडा वाटत होती. सुंदर लाल गाडी तेथेच राहिली. मिस्त्रीने त्या तपासणीचे पैसे घेतले नाहीत, चहा मात्र घेतला.

तेव्हापासून आम्ही प्रत्येकाला सांगतो की गाडी पसंत करायला जाताना दुकानाशी संबंध नसलेला मिस्त्री बरोबर न्यावा आणि त्याला त्याच्या वेळेचे पैसे द्यावेत. पुढच्या नळ्यांवर तेलाचा ओला पट्टा आहे का, साखळी ओढल्यावर दातऱ्यावरून सुटते का, ब्रेकचे तेल काळे झाले आहे का, इंजिन थंड असतानाच चालू करून दाखवतात की आपण येण्याआधी गरम करून ठेवले आहे. हे शेवटचे फार महत्त्वाचे. आपण येण्याच्या आधी गरम करून ठेवलेल्या इंजिनाचा हात लावून अंदाज घ्यावा आणि विचारावे, का?

आणि टायर. टायरच्या कडेला लंबगोलात चार आकडे कोरलेले असतात. पहिले दोन आठवडा सांगतात आणि पुढचे दोन वर्ष. '२३१९' असे असेल तर तो टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनला. आखातातल्या उन्हात उभा राहिलेला टायर नक्षी शाबूत असूनही आतून कडक होतो आणि डांबराला धरत नाही. विकणारा म्हणतो, "नव्यासारखे आहेत." नक्षी नवी असेलही, पण रबर म्हातारे असते. जुन्या गाडीची किंमत ठरवताना आम्ही टायरची किंमत शून्य धरतो आणि नव्या जोडीचे पैसे वेगळे काढून ठेवतो. लहान गाडीचा फायदा येथेही आहे. तिचे टायर अरुंद, स्वस्त, आणि कमी झिजतात. हजार सीसीच्या गाडीचा मागचा टायर वेगाने चालवणारा माणूस एखाद्या-दोन दिवसांत संपवतो.

आपल्याकडे म्हण आहे, चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. एरवी ती आपण हसण्यासाठी वापरतो. ट्रॅकच्या बाबतीत तोच खरा हिशेब आहे. खिशात जे काही आहे त्यातले निम्म्याहून जास्त गाडीवर घालू नये. उरलेल्यातून आधी चांगले हेल्मेट, तेही नवे. दुसऱ्याचे, एकदा पडलेले हेल्मेट फुकट मिळाले तरी घेऊ नये, कारण आतला फोम एकदा दबला की पुन्हा तो धक्का झेलत नाही आणि बाहेरून काही दिसत नाही. मग एकसंध कातडी पोशाख, पाठीचे कवच, मनगट झाकणारे हातमोजे, घोटा धरणारे बूट. पोशाख जुना घेतला तरी चालतो, शिवण पाहून घ्यावी. शारजाच्या हवेत हे सर्व चढवले की जीव गुदमरतो, हे खरे. म्हणूनच तेथला हंगाम हिवाळ्याचा असतो.

उरलेल्या पैशांत ट्रॅकचे शुल्क, पिकअपचे भाडे, ब्रेकचे नवे पॅड आणि शक्य असेल तर एक दिवस शिक्षक. पैसे कमी पडतात तेव्हा मुले सर्वांत आधी शिक्षक कापतात. आम्ही म्हणू, सायलेन्सर कापा. तो मोठा आवाज करणारा सायलेन्सर कोणालाही वळण शिकवीत नाही, आणि काही ठिकाणी आवाजाच्या मर्यादेमुळे तुम्हाला परत पाठवतील ते वेगळेच. गाडी घेण्याच्याही आधी, शाळेच्या गाडीवर एक दिवस शिकण्याची सोय मिळत असेल तर ती घ्यावी. त्या एका दिवसात काहींची हौस फिटते. त्यांचे तर सारेच पैसे वाचले.

तयारीचे काम औद्योगिक क्षेत्रात एका दुपारी होते. आरसे आणि इंडिकेटर काढायचे, दिव्यांच्या काचेवर चिकटपट्टी लावायची म्हणजे फुटली तरी तुकडे ट्रॅकवर पडत नाहीत. तेलाचा बोल्ट बारीक तारेने बांधून टाकायचा, म्हणजे थरथरीने सुटत नाही. रेडिएटरमधला रंगीत द्रव काढून साधे पाणी भरायचे, कारण तो द्रव रस्त्यावर सांडला तर साबणासारखा घसरतो आणि मागच्याचा जीव जातो. समुद्राची दमट हवा ब्रेकच्या तेलात पाणी मिसळवते, म्हणून ते हंगामाच्या सुरुवातीला बदलायचे. यातले एकही काम महाग नाही. ट्रॅकवर आत सोडण्यापूर्वी गाडी तपासतात. तेथे नापास होऊन शुल्क वाया घालवण्यापेक्षा नियमांचा कागद आधी मागवून मिस्त्रीला वाचून दाखवावा.

काही वडीलधारे म्हणतील की हे सारे श्रीमंतांचे चोचले आहेत. पोरगा तेथे घर बांधायला पैसे साठवायला गेला आहे. त्यांचे म्हणणे आम्ही हसण्यावारी नेत नाही. ज्याच्या पगारावर घरी दोन बहिणींचे शिक्षण चालले आहे त्याने थांबावे. आधी पोटोबा, मग विठोबा. पण ज्याच्याजवळ थोडे उरते त्याच्यासाठी एक वाट आहे. त्या दोन मावसभावांनी पुढे एका मित्राला घेऊन तिघांत मिळून एक गाडी घेतली. ट्रॅकवर पाळी पंधरा-वीस मिनिटांचीच असते. वेगवेगळ्या गटांत नाव नोंदवता आले तर एकच गाडी दिवसभर तिघांना पुरते; आयोजकांची परवानगी मात्र आधी विचारून घ्यावी लागते. त्यांनी पहिल्याच दिवशी एका वहीत लिहून ठेवले: ज्याच्या हातून पडेल त्याने दुरुस्त करायची, टायर तिघांचे, आणि कोणी देश सोडून गेला तर त्याचा हिस्सा उरलेल्यांनी ठरल्या किमतीला घ्यायचा. वहीवर तिघांच्या सह्या आहेत. नात्यागोत्यात असे लिहून घेणे आपल्याला संकोचाचे वाटते. पण पडलेल्या गाडीपेक्षा पडलेले नाते दुरुस्त करायला जास्त खर्च येतो, हे आपल्या प्रत्येक कुटुंबाला ठाऊक आहे.

आईवडिलांना आमची एक सूचना आहे. परवानगी द्या, पण अटीवर. हप्ता नाही. हजार सीसी नाही. आणि पोशाख आधी, गाडी मागून. पोशाखाचा फोटो आल्याशिवाय गाडीचा विषय काढू द्यायचा नाही. ज्या मुलाला खरोखर शिकायचे आहे तो कुरकुर करील आणि फोटो पाठवील. ज्याला फक्त मिरवायचे आहे तो येथेच गळेल.

त्या तिघांच्या गाडीने गेल्या हंगामात दोनदा जमीन पाहिली. दोन्ही वेळा नवशिक्यांच्या गटात, दोन्ही वेळा कमी वेगात. एकदा ब्रेकचा दांडा तुटला, एकदा पाय ठेवायचा खुंटा. दोन्ही भाग औद्योगिक क्षेत्रातल्या सुट्या भागांच्या दुकानात मिळाले. थोरल्याच्या आईने फोनवर विचारले, "किती लागले?" तो म्हणाला, "कोपर थोडे सोलवटले." तिला पैसे विचारायचे होते. तेही त्याने सांगितले आणि ती गप्प बसली, कारण रक्कम खरोखरच थोडी होती.

ऑक्टोबरच्या सुमारास तेथील हवा उतरू लागते आणि ट्रॅकचे दिवस जाहीर होतात. दिवस आणि शुल्क प्रत्येक हंगामात बदलतात, म्हणून ते थेट ट्रॅककडेच विचारावे. हंगाम सुरू झाला की जुन्या गाड्यांचे भाव चढतात. ज्यांना या वर्षी सुरुवात करायची आहे त्यांनी ऑगस्ट-सप्टेंबरच्या उकाड्यात, गिऱ्हाईक घराबाहेर पडत नाही तेव्हाच, मिस्त्रीला बरोबर घेऊन फेरी मारावी. सकाळी लवकर जावे. दुपारी पत्र्याखाली ना मिस्त्रीचे डोके चालते ना आपले.